रक्ताचा दाब आणि हृदयाची भिंत
(नभोवाणीवरील भाषण)

घरांतील एखाद्या वडील माणसाला "प्रकृति कशी आहे?" असें विचारलें, तर "तशी ठीक आहे; थोडासा दाब आहे, एवढेंच," असें उत्तर हल्लीं घरोघर ऐकूं येतें. ह्या "एवढेंच" विषयींच आज मला आपल्याशीं बोलावयाचें आहे. मी वैद्य नव्हें. सारा जन्म शाळेंत मुलांना गणित व शास्त्र हे विषय शिकविण्यांत गेला. तेव्हां अमुक गोळी घ्या आणि तमुक सोडा असें सांगण्याचा मला अधिकार नाहीं व तशी माझी इच्छाही नाहीं. परंतु रक्ताचा दाब आणि हृदयाचा स्नायु ह्यांच्या संबंधानें गेल्या शंभर वर्षांत संशोधकांनीं जें ज्ञान मिळविलें, तें सामान्य गृहस्थालाही समजण्यासारखें आहे. इतकेंच नव्हे, तर तें न समजल्यामुळें पुष्कळ घरांत टाळतां येण्यासारखीं संकटें ओढवतात. म्हणून हा विषय मीं निवडला.

प्रथम दाब म्हणजे काय तें पाहूं. हृदय हा स्नायूचा एक पंप आहे. तो मिनिटाला सत्तर वेळां आकुंचन पावतो असें धरलें, तर दिवसाच्या १४४० मिनिटांत एक लक्षाहून अधिक ठोके होतात. प्रत्येक ठोक्याबरोबर डाव्या बाजूचा खालचा कप्पा रक्त धमन्यांत लोटतो. त्या क्षणीं धमनीच्या भिंतीवर जो जोर पडतो तो वरचा आंकडा, आणि दोन ठोक्यांच्या मध्यें हृदय विसावतें तेव्हां जो जोर उरतो तो खालचा आंकडा. हा जोर प्रथम मोजला तो स्टीफन हेल्स नांवाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकानें. आपले प्रयोग त्यानें १७३३ सालीं प्रसिद्ध केले. एका घोडीला आडवी बांधून त्यानें तिच्या मांडीच्या धमनींत नळी घातली व तिला कांचेची उंच नळी जोडली. त्या नळींतील रक्त हृदयाच्या पातळीपासून आठ फूट तीन इंच उंच चढलें! पुढें पाऱ्याचा उपयोग होऊं लागला. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड. म्हणून जें मोजण्यास आठ फुटांची नळी लागे, तें वीतभर नळींत मावूं लागलें. इटलींतील शिपिओने रीवा-रोच्ची ह्या वैद्यानें १८९६ सालीं दंडाला गुंडाळावयाची हवेची पट्टी काढली, आणि १९०५ सालीं निकोलाय कोरोत्कोव्ह ह्या रशियन शस्त्रवैद्यानें त्या पट्टीखालीं श्रवणनळी ठेवून ठोक्यांचा आवाज केव्हां सुरू होतो व केव्हां मावळतो तें ऐकण्याची युक्ति दाखविली. आज पाऱ्याचीं यंत्रें विषारीपणामुळें मागें पडत आहेत. परंतु माप मात्र अजून "मिलिमीटर पारा" हेंच राहिलें आहे.

मोजणें साधलें, पण मोजलेल्या आंकड्याचा अर्थ काय, ह्याविषयीं पुष्कळ वर्षें मोठमोठ्या वैद्यांचीही दिशाभूल झाली होती. वय वाढलें कीं धमन्या ताठ होतात. मग त्यांतून रक्त पुढें नेण्यासाठीं दाब वाढणें हें शरीराला आवश्यकच आहे, अशी त्यांची समजूत होती. इंग्रजी वैद्यकांत ह्या विकाराला जें नांव पडलें त्यांतही "आवश्यक" असाच शब्द येऊन बसला, आणि तो अद्यापि निघालेला नाहीं! १९३१ सालीं लिव्हरपूलच्या जॉन हे ह्या प्राध्यापकांनीं तर असा इशारा दिला कीं, दाब वाढलेल्या मनुष्याला खरा धोका असतो तो त्याचा दाब कोणाला तरी कळण्याचा. कारण तो कळला म्हणजे कोणीतरी मूर्ख तो उतरविण्याच्या खटपटीला लागतो.

ह्या समजुतीच्या काळांत काय होई, त्याचें साऱ्या जगाला ठाऊक असलेलें उदाहरण अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट ह्यांचें. १९४४ सालच्या मार्चमध्यें हॉवर्ड ब्रून ह्या तरुण हृदयवैद्यांनीं त्यांना तपासलें, तेव्हां दाब १८६ वर १०८ होता आणि हृदय मोठें होऊन थकूं लागलें होतें. मीठ कमी करणें, विश्रांति आणि डिजिटॅलिस, ह्यांपलीकडे त्या काळच्या वैद्यकाजवळ फारसें कांहीं नव्हतें. १२ एप्रिल १९४५ रोजीं दुपारीं रूझवेल्ट ह्यांच्या मानेमागें असह्य कळ आली. ब्रून ह्यांनीं पट्टी बांधून पाहिलें, तों वरचा आंकडा तीनशेंच्या पार आणि खालचा १९०. त्याच दिवशीं मेंदूंतील रक्तस्रावानें त्यांचा अंत झाला. महायुद्ध चालविणाऱ्या पुरुषाच्या सेवेला त्याच्या देशांतील उत्तमांतले उत्तम वैद्य हजर होते; परंतु आज गांवच्या आरोग्यकेंद्रांत जी गोळी मिळते ती त्यांच्याजवळ नव्हती.

ही उणीव भरून काढण्याच्या कामीं आपल्या देशाचा, आणि त्यांतही मुंबईचा, जो हात लागला तो आपण विसरतां कामा नये. सर्पगंधा नांवाची वनस्पति आपल्याकडे फार पूर्वींपासून वेड, निद्रानाश इत्यादि विकारांवर वापरीत असत. १९३१ सालीं कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस ह्यांनीं तिच्या मुळीनें रक्ताचा दाबही उतरतो असें लिहिलें. त्याच वर्षीं दिल्लींत सलीमुझ्झमान सिद्दिकी व रफत सिद्दिकी ह्यांनीं त्या मुळींतून कांहीं शुद्ध द्रव्यें वेगळीं काढलीं. पुढें मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील हृदयविकारतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांनीं तिचा पद्धतशीर अभ्यास केला आणि ५० रोग्यांवरील अनुभव १९४९ सालीं ब्रिटनमधील हृदयविकारांच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. त्या लेखानें पश्चिमेकडील संशोधकांचें लक्ष वेधलें. १९५२ सालीं स्वित्झर्लंडमधील रसायनशास्त्रज्ञांनीं त्या मुळींतील मुख्य द्रव्य, रिसर्पिन, वेगळें केलें. आणि १९५७ सालीं डॉ. वकील ह्यांना अमेरिकेंतील मानाचें लास्कर पारितोषिक मिळालें. रिसर्पिननें मन खिन्न होणें, नाक चोंदणें असे त्रास होऊं शकतात, म्हणून पुढें चांगलीं औषधें आल्यावर तें मागें पडलें. तेव्हां ही हकीकत ऐकून कोणी परसांत सर्पगंधा लावून तिची मुळी उगाळूं नये, हें सांगून ठेवतों. तिचें महत्त्व निराळें आहे. दाब उतरवितां येतो, आणि तो उतरविल्यानें मनुष्य खालीं कोसळत नाहीं, हें दाखवून देणाऱ्या पहिल्या औषधांपैकीं ती एक होती.

परंतु आंकडा उतरणें निराळें आणि जीव वांचणें निराळें. आंकडा उतरल्यानें खरोखर कांहीं लाभ होतो काय? ह्या प्रश्नाचा निकाल अमेरिकेंतील निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांत लागला. एडवर्ड फ्रीस ह्यांच्या नेतृत्वाखालीं १४३ पुरुष निवडण्यांत आले. त्यांचा खालचा आंकडा ११५ ते १२९ इतका चढलेला होता. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणें केवळ यदृच्छेनें त्यांचे दोन गट पाडले. ७३ जणांना खरीं औषधें दिलीं, आणि त्यांत आपल्या सर्पगंधेचें रिसर्पिनही होतें. उरलेल्या ७० जणांना दिसण्यांत तशाच, पण औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. सुमारें दीड वर्षांत औषध नसलेल्या गटांत २७ जणांवर गंभीर प्रसंग ओढवले व चौघे दगावले. औषध घेणाऱ्या गटांत असे प्रसंग दोनच आणि मृत्यु एकही नाहीं. हा निकाल १९६७ सालीं प्रसिद्ध झाला. मोठ्या दाबापेक्षां मध्यम दाबाच्या ३८० पुरुषांवर असाच प्रयोग करून १९७० सालीं त्यांनीं तीच गोष्ट सिद्ध केली. जॉन हे ह्यांच्या इशाऱ्याला चाळीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच तो असा निकालांत निघाला.

औषधांची तर रांगच लागली. लघवीवाटे मीठ व पाणी काढून टाकणाऱ्या गोळ्या १९५८ च्या सुमारास आल्या. जेम्स ब्लॅक ह्या स्कॉटिश संशोधकानें हृदयाची अनावर धांव आवरणारें औषध शोधलें व १९८८ सालीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें. ब्राझीलमधील एका विषारी सापाच्या विषांत असलेल्या द्रव्याचा धागा धरून धमन्यांचा संकोच थांबविणारें कॅप्टोप्रिल तयार झालें आणि १९८१ सालीं तें बाजारांत आलें. मुळीपासून विषापर्यंत निसर्गानें कोठें काय लपवून ठेवलें असेल, ह्याचा नेम नाहीं!

दाब किती उतरवावा, हा पुढचा प्रश्न. २०१५ सालीं अमेरिकेंत ९३६१ लोकांवरील एका मोठ्या प्रयोगाचा निकाल लागला. एका गटाचा वरचा आंकडा १४० च्या खालीं आणि दुसऱ्याचा १२० च्या खालीं ठेवण्याचा प्रयत्न होता. दुसऱ्या गटांत हृदयाचे व मेंदूचे गंभीर प्रसंग सुमारें पावपट कमी झाले, आणि मृत्यूही सुमारें तितक्याच प्रमाणांत घटले. म्हणून प्रयोग मुदतीपूर्वींच थांबविण्यांत आला. मात्र दाब फार उतरून घेरी येणें, मूत्रपिंडांना इजा होणें हे प्रकार त्या गटांत अधिक दिसले. शिवाय मधुमेही लोक ह्या प्रयोगांत घेतलेले नव्हते. ह्याचा अर्थ, कोणाचा दाब कोठवर उतरवावा हें वैद्यानेंच माणूस पाहून ठरवावें. आपल्या देशांतही मागें राहिलेल्या प्रश्नांना हात घातला गेला आहे. दोन औषधांची मिळून एकच गोळी दिली तर भारतीय रोग्यांना कोणती जोडी अधिक मानवते, हें १९८१ रोग्यांवर पाहिलें गेलें व त्याचा निकाल २०२४ सालीं बाहेर आला. तिन्ही जोड्या सारख्याच गुणकारी ठरल्या, आणि सहा महिन्यांत सुमारें ७० टक्के रोग्यांचा दाब १४० वर ९० च्या खालीं आला. म्हणजे साध्या, जुन्या, स्वस्त औषधांनीं काम भागतें. ती गोळी रोज पोटांत जाणें एवढेंच उरतें.

आणि नेमकें तेथेंच घोडें अडतें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें तीस ते एकोणऐंशी वर्षें वयाच्या सुमारें १३० कोटि लोकांना हा विकार आहे. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना त्याची वार्ताही नाहीं, आणि पांचांत एकाचाच दाब काय तो आटोक्यांत आहे. दाब दुखत नाहीं, खुपत नाहीं; म्हणून गोळीही आठवत नाहीं. माझ्याबरोबर भाषा शिकविणारे एक गृहस्थ होते. कविता असे म्हणत कीं, शेजारच्या वर्गांतील मुलें दाराशीं येऊन उभीं राहत. त्यांचा दाब चढलेला निघाला, गोळी सुरू झाली आणि दोन महिन्यांत आंकडा १३० वर आला. "आतां मी बरा झालों," असें म्हणून त्यांनीं गोळी सोडली. दीड वर्षानें एके पहाटे त्यांचें उजवें अंग लुळें पडलें आणि वाचा गेली. पुढें सहा वर्षें ते जगले, पण कवितेची एक ओळ त्यांच्या तोंडून पुन्हां निघाली नाहीं. गोळीनें दाब बरा होत नाहीं, तो आवरला जातो. चष्मा लावल्यावर अक्षर स्पष्ट दिसूं लागलें म्हणून कोणी चष्मा फेकून देत नाहीं. दाबाच्या गोळीचेंही तसेंच आहे.

मेंदूवर असा एकाएकीं घाला पडतो. परंतु हृदयावर दाबाचा परिणाम होतो तो हळूहळू, वर्षानुवर्षें. रक्त अधिक जोरानें लोटावें लागलें म्हणजे डाव्या कप्प्याची भिंत जाड होऊं लागते. आपण म्हणाल, तालमींत मेहनत केल्यानें दंड भरतो, मग हृदय भरलें तर बिघडलें कोठें? फरक असा कीं, दंडाला मेहनतीनंतर विसांवा असतो, हृदयाला तो मिळत नाहीं. भिंत जाड होते तितक्या प्रमाणांत तिला रक्त पुरविणाऱ्या बारीक वाहिन्या वाढत नाहींत. स्नायूंत तंतूंचें जाळें माजून ती ताठ होते. ताठ कप्पा नीट सैल पडत नाहीं, म्हणून त्यांत रक्त पुरेसें भरत नाहीं. मग जिना चढतांना धाप लागते आणि पाय सुजूं लागतात. पण ह्यांत आशेचीही एक गोष्ट आहे. कार्डिओग्रामवर अशा जाडीच्या खुणा दिसणाऱ्या ९१९३ दाबाच्या रोग्यांवर युरोप व अमेरिकेंत एक प्रयोग झाला. त्याचा निकाल २००२ सालीं प्रसिद्ध झाला. औषधांनीं दाब उतरल्यावर ही जाडी ओसरते, आणि ज्यांची ती ओसरली त्यांच्यावर पुढें गंभीर प्रसंगही कमी आले, असें त्यांतून दिसून आलें. दाबानें केलेलें नुकसान कांहीं अंशीं भरून निघतें, तें असें.

आतां मी विषयाच्या दुसऱ्या अंगाकडे वळतों. हृदयाची भिंत जाड आढळली कीं "दाबामुळें झालें असेल" असें म्हणून मोकळें होणें सोपें आहे, आणि बहुतेक वेळां तें खरेंही असतें. परंतु प्रत्येक जाड हृदय दाबाचें नसतें. हृदयाच्या स्नायूलाच जडणारे निराळे रोग आहेत. १९५८ सालीं लंडनचे डोनाल्ड टीअर ह्यांनीं, एकाएकीं मरण पावलेल्या कांहीं तरुणांच्या हृदयांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांत दोन खालच्या कप्प्यांमधला पडदा विलक्षण जाड झालेला होता. तंतू रांगेनें नसून अस्ताव्यस्त पसरलेले होते. दाब त्या वयांत कोठून असणार? पुढें असें आढळलें कीं हा रोग घराण्यांत चालतो. १९९० सालीं क्रिस्टीन व जोनाथन सीडमन ह्या अमेरिकन दांपत्याच्या प्रयोगशाळेनें, स्नायूच्या आकुंचनाला लागणाऱ्या एका प्रथिनाच्या जनुकांतच चूक असते, हें दाखवून दिलें. आई किंवा बाप ह्यांपैकीं एकाला ही चूक असेल, तर प्रत्येक अपत्याला ती मिळण्याचा संभव निम्मा असतो. हा रोग पांचशें मनुष्यांत एकाला तरी असतो असें अनुमान आहे. म्हणजे तो दुर्मिळ म्हणतां येणार नाहीं. २००९ सालीं हैदराबादच्या पेशी व रेणु जीवशास्त्र केंद्रांतील कुमारसामी थंगराज व त्यांच्या सहकाऱ्यांनीं असें प्रसिद्ध केलें कीं, हृदयाच्या आणखी एका प्रथिनाच्या जनुकांतील २५ अक्षरें गळलेला एक विशिष्ट दोष भारतांत शेंकडा चार लोकांत आढळतो, आणि त्यानें उतारवयांत स्नायूचा रोग होण्याचा धोका वाढतो. तो दोष असलेला प्रत्येक जण रोगी होतो असें मात्र नव्हे.

मग हीं जाड हृदयें एकमेकांपासून ओळखावयाचीं कशीं? पूर्वीं तें बहुधा मृत्यूनंतरच कळे. जिवंत हृदयाची भिंत दिसूं लागली ती स्वीडनमधील लुंड गांवीं. इंगे एडलर हे वैद्य व हेल्मुट हर्ट्झ हे पदार्थवैज्ञानिक ह्यांनीं १९५३ सालीं जहाजांच्या कारखान्यांतून एक यंत्र उसनें आणलें. धातूच्या पत्र्यांत भेगा आहेत कीं काय, हें कानाला ऐकूं न येणाऱ्या ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून तें यंत्र सांगत असे. तेंच त्यांनीं मनुष्याच्या छातीवर लावलें, आणि हृदयाच्या हालचाली उमटल्या! आज आपण ज्याला "इको" म्हणतों, त्याचा जन्म असा झाला.

ह्या प्रतिध्वनीनें भिंतीची जाडी मिलिमीटरमध्यें मोजतां येते. निरोगी मनुष्यांत ती सेंटिमीटरच्या आसपास असते. दाबानें ती बहुधा सगळीकडे सारखी वाढते आणि १५ मिलिमीटरच्या पुढें सहसा जात नाहीं. ती कोठेंही १५ किंवा अधिक भरली, पडदाच विशेष जाड असला, आणि दाबाच्या मानानें ती जाडी अवाजवी वाटली, तर स्नायूच्या रोगाचा संशय घ्यावा लागतो. वैद्याच्या हातीं साध्याही युक्त्या आहेत. रोग्याला उकिडवें बसवून मग एकदम उभें करतात; उभें राहिल्याबरोबर हृदयाचा खरखर आवाज वाढला, तर रक्ताची वाट त्या जाड पडद्यानें अडविली असल्याचा तो संकेत असतो. पुढें शंका राहिली तर चुंबकीय चित्रण करून स्नायूंत व्रण पडले आहेत काय तें पाहतात, आणि जनुकांची परीक्षा करितात. दाबही आहे आणि स्नायूचा रोगही आहे, असेंही एखाद्यांत आढळतें. तेव्हां निवाडा करणें अधिकच जिकिरीचें होतें.

हा निवाडा केवळ नांवासाठीं नव्हे. वाट अडलेल्या हृदयाला, धमन्या सैल करणारीं कांहीं दाबाचीं औषधें अपाय करूं शकतात. उलट, ह्या रोगाच्या मुळाशीं असलेली स्नायूची अतिरिक्त ओढ कमी करणारें मॅव्हॅकॅम्टेन हें औषध २०२२ सालीं अमेरिकेंत मान्य झालें. ज्यांना एकाएकीं मृत्यु येण्याचा संभव अधिक, त्यांच्या छातींत ठोका बिघडतांच तो ताळ्यावर आणणारें छोटें यंत्र बसवितां येतें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, एकाला रोग ठरला कीं त्याचीं भावंडें व मुलें ह्यांना तपासून वेळीं सावध करतां येतें.

आणखी एका जाड हृदयाची गोष्ट सांगतों, कारण ती फसवी आहे. उतारवयांतील एखाद्या गृहस्थाचा दाब पुष्कळ वर्षें चढलेला असतो. पुढें तो आपोआपच उतरूं लागतो. घरांत आनंद होतो. गोळ्या कमी होतात. पण त्याबरोबर धाप लागूं लागते, पाय सुजतात, हातांच्या बोटांना मुंग्या येतात. यकृतांत तयार होणारें एक प्रथिन घडी बिघडून हृदयाच्या स्नायूंत सांचत गेल्यामुळें असें होऊं शकतें. त्याला अ‍ॅमिलॉइड असें म्हणतात. अशा हृदयाची भिंत इकोमध्यें जाड दिसते, पण कार्डिओग्रामच्या रेषा मात्र अपेक्षेहून बुटक्या उमटतात. खऱ्या स्नायूची जाडी असती तर रेषा उंच व्हावयास हव्या होत्या. येथें भिंत जाड झाली ती भलत्याच भरणीनें. पूर्वीं ह्याच्या निदानासाठीं हृदयाचा तुकडा काढून पाहावा लागे. हाडांच्या चित्रणासाठीं वापरण्यांत येणारें किरणोत्सर्गी द्रव्य अशा हृदयांतही गोळा होतें, हें ध्यानीं घेऊन २०१६ सालीं संशोधकांनीं असें दाखविलें कीं, रक्त व लघवी ह्यांच्या विशिष्ट परीक्षांनीं दुसऱ्या जातीचा अ‍ॅमिलॉइड नाहीं अशी खात्री झाली, तर पुष्कळ रोग्यांत तुकडा न काढतांही निदान निश्चित होतें. २०१८ सालीं ह्या रोगाची गति मंद करणाऱ्या टॅफॅमिडिस ह्या औषधाचा गुणही सिद्ध झाला. तें फार महाग आहे. तथापि ज्या रोगाला पूर्वीं "म्हातारपण" म्हणून सोडून देत, त्याला आतां नांव आहे व कांहीं उपायही आहे. म्हणून दाब विनाकारण उतरला तर तेंही वैद्याला सांगावें.

श्रोतेहो, ह्या साऱ्या हकीकतींतून गृहस्थाश्रमी माणसानें घ्यावयाचें तें थोडक्यांत सांगतों. पहिली गोष्ट, तीस वर्षांवरील प्रत्येकानें, कांहीं दुखत नसलें तरी, दाब मोजून घ्यावा. २०१७ सालीं भारतांत रक्तदाब-नियंत्रणाचा जो मोठा उपक्रम सुरू झाला, त्यांत आरंभीं निवडलेल्या पांच राज्यांत महाराष्ट्र होता. सरकारी आरोग्यकेंद्रांत ही तपासणी व साधीं औषधें मिळतात. मोजण्यापूर्वीं अर्धा तास चहा व तंबाखू वर्ज्य करावीं; पांच मिनिटें पाठ टेकून स्वस्थ बसावें; दंड हृदयाच्या पातळीवर असावा; मोजतांना बोलूं नये; आणि एका आंकड्यावर विसंबूं नये, निदान दोनदां मोजावें. वैद्याच्या खोलींत भीतीनें दाब चढणारे लोक असतात, तसेच तेथें नेमका उतरून घरीं चढणारेही असतात. म्हणून घरीं मोजून लिहून ठेवलेली वही फार उपयोगाची.

दुसरी गोष्ट मिठाची. आपल्या पद्धतींत पान मांडलें कीं पहिल्यानें डाव्या हाताला मीठ वाढतात. तो मान त्याला असूं द्यावा, पण वाढ चिमटीभरच असावी. दिवसाला पांच ग्रॅमच्या आंत, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहून कमी, असें जागतिक आरोग्य संघटनेचें माप आहे. आणि लोणचें, पापड, फरसाण ह्यांतलें मीठ त्यांतच धरावयाचें. ज्यांचीं मूत्रपिंडें दुर्बळ आहेत त्यांनीं पर्यायी मीठ वैद्याला विचारल्याशिवाय घेऊं नये.

तिसरी गोष्ट, चालू गोळी स्वतःच्या मतानें सोडूं नये. त्रास होत असला तर वैद्याला सांगावें. दुसरी गोळी मिळते.

आणि चौथी गोष्ट घराण्याच्या आठवणीची. बहुतेक घरांत अशी एखादी आठवण असते, कीं अमका काका पंचविसाव्या वर्षीं खेळतां खेळतां पडला तो उठलाच नाहीं. अमकी आत्या विहिरीवर पाणी ओढतांना गेली. त्या वेळीं कोणी दैव म्हटलें, कोणी दृष्ट म्हटली. ती आठवण आतां देव्हाऱ्यापाशीं न ठेवतां वैद्यापाशीं न्यावी. तरुण वयांत श्रमानें घेरी येणें, छातींत दुखणें, धडधडणें, आणि घरांत असा अकालीं मृत्यु घडलेला असणें, एवढ्यावरून वैद्य कार्डिओग्राम व इको ह्यांची परीक्षा सांगतील. तेवढ्या अर्ध्या तासाच्या तपासणीनें त्या घरांतील पुढच्या पिढीचें एखादें मूल वांचूं शकतें. वंशावळींत आपण जन्माचीं सालें लिहितों. मृत्यूचें कारणही लिहून ठेवावें.

रूझवेल्ट ह्यांच्या वैद्यांना दाब दिसत होता, पण उपाय नव्हता. आपल्याला उपाय आहे, तो स्वस्त आहे, आणि आपण दाब पाहत नाहीं. दोहोंतील अंतर भरून काढण्यास नवें संशोधन नको. दंडाला पट्टी बांधून घेण्याइतकी सवड हवी. ती आपण ह्याच आठवड्यांत काढाल, आणि घरांतील वडील माणसालाही बरोबर न्याल, अशी आशा बाळगून मी आपली रजा घेतों.